आईची दुरुस्त केलेली प्रार्थना

पप्पा, तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी मी लिहायला बसले आहे ती आठवण येते म्हणून नव्हे, राग आलाय म्हणून. आठवण काय, ती रोजचीच आहे. बिट्टन मार्केटात वांगी घेताना सुद्धा येते, कारण तुम्ही वांगं उजेडात धरून, फिरवून, देठ चाचपून घ्यायचात आणि तुमच्या मागे चार माणसं खोळंबायची. भाजीवाला वैतागून म्हणायचा, "बाबूजी, सब्ज़ी है, मशीन नहीं है!" तेव्हा हसू यायचं मला. पण गेल्या शुक्रवारपासून जो राग वर आलाय ना, तो भात उतू जावा तसा झाकण उडवून बाहेर येतोय. आता बोलून काय उपयोग, असं तुम्ही म्हणाल. असू दे निरुपयोगी. एकदा मला बोलू द्या, आणि मध्येच दुरुस्त करू नका.

आपलं ते भोपाळच्या टाउनशिपमधलं क्वार्टर आठवा. दोन खोल्या, पुढे पेरूचं झाड, मागे धुण्याचा दगड. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की सगळ्या सेक्टरांतून सायकलींचा लोंढा निघायचा आणि त्यात तुम्ही, पँटला क्लिप, खिशात खडूचा तुकडा. तुम्ही इन्स्पेक्शनमध्ये होतात. ओतकामाचे मोठमोठे भाग तुमच्यापुढे यायचे, तुम्ही मोजायचात, ठोकून बघायचात आणि खडूने खूण करायचात. हा पास, हा पुन्हा घासून आणा, हा भंगारात. घरी आल्यावर बूट काढता काढता सांगायचात, आज फोरमनने फार मिनतवारी केली, पण माझ्याकडून पास करून घेता आलं नाही त्याला. आम्ही केवढे खूश व्हायचो! आमचे पप्पा कोणाला भीक घालत नाहीत! तो खडू तुम्ही घरी पण घेऊन येता हे कळायला मला वेळ लागला.

शुक्रवारी संध्याकाळी आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबं, कोणी नगरकडचं, कोणी जालन्याचं, कोणी नागपूरचं, आळीपाळीने एकेका क्वार्टरमध्ये जमायची. सतरंजी अंथरायची, बायका पदर डोक्यावर घ्यायच्या, एखाद-दोन गीतं व्हायची, शास्त्रभाग वाचला जायचा. पाळक साहेब शिवाजी नगरहून स्कूटरवर यायचे, पण त्यांना पंधरवड्यातून एकदाच जमायचं. एरवी मंडळीतले वडील, म्हणजे एल्डर, म्हणून चालवायचात तुम्हीच. मग तुम्ही म्हणायचात, "प्रार्थनेचे विषय सांगा." आणि माणसं बिचारी भीत भीत सांगायची, कारण तुमच्या हाताखालून एकही विषय जसाच्या तसा सुटायचा नाही. जालन्याची मावशी म्हणाली, "माझ्या पोराला अप्रेंटिसला घेऊ देत," की तुम्ही म्हणायचात, "घेऊ देत असं नको ताई. त्याच्या आयुष्यात तुझी इच्छा पूर्ण होवो, असं म्हणा." कोणी म्हणालं गुडघा बरा होवो, तर तुम्ही म्हणणार, बरा होवो नको, सोसायची शक्ती दे म्हणा. मग ते माणूस तुमच्यासारखं म्हणायचं, आणि तेव्हा कुठे तुम्ही डोळे मिटायचात. परत जाताना रस्त्यात मंडळी हळूच हसायची. "आज माझा गुडघा रिजेक्ट झाला हो!" तुम्हाला कळत होतं का ते? मला कळायचं, आणि तुमची बाजू घेऊन मी त्यांच्यावर चिडायचे. अशी मी होते.

एकदाच उलट बोलले. सहावीची परीक्षा होती आणि मी सरळ सांगितलं, "मला गणितात पास कर, एवढीच प्रार्थना." तुम्ही म्हणालात, "पास कर नको, जे योग्य ते होवो म्हण." मी म्हटलं, "मग अभ्यास तरी कशाला करू? योग्य असेल तर होईलच की." सगळे हसले. तुम्ही बोटाने स्वयंपाकघराचं दार दाखवलंत. आत आई चहा गाळत होती. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातात शंकरपाळ्यांची बशी दिली आणि म्हणाली, "खा. आणि नापास झालीस ना, तर बघ." बाहेर तुमची प्रार्थना सुरू होती आणि मी आत शंकरपाळे खात रडत होते.

आता आईचं सांगते. तुम्हाला माहीत आहेच, पण माझ्या तोंडून तुम्ही कधी ऐकलेलं नाही. आईने लग्नाआधी नगरला शिक्षिकेचं ट्रेनिंग केलेलं. वर्गापुढे उभं राहणं हे एकच तिला आयुष्यात मनापासून करायचं होतं आणि तुमच्या मागे भोपाळला आल्यापासून ती वर्गात गेलेली नव्हती. आपल्या सेक्टरच्या प्राथमिक शाळेत जागा निघाली तेव्हा तिने किती महिने हिंदी पक्कं केलं, बघितलंत ना? अंडीवाल्याशी हिंदी, धोब्याशी हिंदी, माझ्याशीसुद्धा हिंदी. कपाटाच्या आरशापुढे उभी राहून "बच्चो, आज हम भाग देना सीखेंगे" असं म्हणायची आणि मी फिदीफिदी हसायचे. इंटरव्ह्यू देऊन आली तेव्हा तिचे गाल लाल झालेले. त्या शुक्रवारी सगळ्यांसमोर म्हणाली, "मला ही नोकरी मिळू दे, अशी प्रार्थना करा." एवढं मोठ्याने ती कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "असं नाही." बस. नवरा म्हणून थोडा तरी हात आखडता घ्यायचा! "मला मिळू दे नको. तुझी इच्छा असेल तिथे मला ठेव, असं म्हण." आईने पदर डोक्यावर नीट ओढला. मग तिने तुमचं वाक्य म्हटलं, अक्षर न चुकवता. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं.

आणि देवाने ऐकलं की! बुधवारी शाळेचा चपराशी सायकल फाटकाला टेकवून हाक मारत आला. "बहनजी, बड़ी मैडम ने कहलवाया है, आपका हो गया। सोमवार से आ जाइए। बस शनिवार दोपहर तक हाँ कहला दीजिए।" आईने त्याला पाणी दिलं, गूळ दिला, काय करू आणि काय नको असं तिला झालं. तुम्ही संध्याकाळी आलात, ऐकलंत, आणि सायकलला कुलूप लावत म्हणालात, "खात्री करून घेऊ." कसली खात्री? "मिळालं म्हणजे त्याची इच्छाच आहे असं नाही. मोहही असू शकतो." पप्पा, अहो, मागू तर दिलं नाहीतच, आणि देवाने न मागता दिलं तर तेही तुम्हाला पुन्हा तपासायचं होतं! कारखान्यात एकदा पास झालेला भाग तुम्ही दुसऱ्यांदा मोजायचात, तसं तुम्ही देवाचं उत्तर मोजायला घेतलंत.

गुरुवारी तुम्ही उपास केलात. खरा उपास, पाण्यावर. ढोंग केलं असं मी म्हणूच शकत नाही आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. ढोंगी बापावर रागावणं किती सोपं असतं! शुक्रवारी तुम्ही मंडळीपुढे विषय ठेवलात की आम्हाला मार्गदर्शन मिळावं. जालन्याची मावशी न राहवून बोलली, "अहो भाऊ, शाळेने माणूस पाठवून बोलावलंय. आता काय देवाने सायकलवर बसून यायचं का?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. रात्री जेवताना म्हणालात, "माझ्या मनाला अजून शांती नाही." शनिवारी सकाळी भोंगा झाला आणि तुम्ही कामावर निघून गेलात. ना हो म्हणालात, ना नाही. आई खळ घातलेली निळी साडी नेसून खाटेवर बसली होती. मी म्हटलं, "मी पळत जाऊन सांगून येऊ का?" ती म्हणाली, "पप्पांना येऊ दे." तुम्ही आलात ते शाळा सुटून गेल्यावर. सोमवारी त्या वर्गावर दुसरीच बाई गेली, आणि तुम्ही हात धुता धुता म्हणालात, "बघ, दार बंद झालं. त्याची इच्छा नव्हती." आई म्हणाली, "बरं." आणि तांदूळ निवडायला बसली.

दार तुम्ही बंद केलंत! तुमच्या या दोन हातांनी. मला तेव्हाच ओरडून सांगायचं होतं. पुढच्या पगाराला तुम्ही आईला प्रेशर कुकर आणलात. कुकर! टाउनशिपमध्ये तेव्हा मोजक्या घरांत होता म्हणे. आईने हौसेने त्यात डाळ लावली, शेजारणींना शिटी ऐकायला बोलावलं, आणि तुम्ही समाधानाने वर्तमानपत्र उघडलंत. हिशेब मिटला, असंच वाटलं ना तुम्हाला? त्या वर्गात आई किती मुलांना भागाकार शिकवू शकली असती, याचा विचार तुमच्या मनात कधी आला का, हे मला कधीच कळलं नाही. आणि त्याच्यानंतर मी देवाकडे काही मागणं बंद केलं. लग्न ठरताना "तुझी इच्छा", मूल होत नव्हतं तेव्हा "तुझी इच्छा", झालं नाही तेव्हाही "तुझी इच्छा". लोक म्हणायचे, केवढा विश्वास हिचा! कसला विश्वास? मागायला तोंडच राहिलं नव्हतं मला. नवरा गेला तेव्हा तर मी काही म्हटलंच नाही.

तुम्ही सुद्धा शेवटी काही मागितलं नाहीत. टाउनशिपच्या दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "अंकल, कुछ चाहिए?" आणि तुम्ही मान हलवलीत. ओठ कोरडे पडले होते, मला दिसत होतं. पाणी हवं असतं तर हवं म्हणायचं ना! मी न विचारता चमच्याने पाजलं. तुम्ही प्यायलात.

आई आता माझ्याकडे असते, अशोका गार्डनला, दुसऱ्या मजल्यावर. तब्येत बारीक झाली आहे पण डोकं शाबूत. गेल्या महिन्यात मटार सोलत बसलो होतो आणि बोलता बोलता मी तुमच्यावर घसरले, ती शाळा, तो उपास, तो कुकर, सगळं. मला वाटलं ती नेहमीसारखी म्हणेल, जाऊ दे गं. ती म्हणाली, "तुला माहीत नाही. ते घाबरायचे." मी म्हटलं, "कोणाला? तुला?" ती हसली. "मला कशाला घाबरतील? देवाला." आणि मग तिने मला सांगितलं की भोपाळच्या नोकरीसाठी अर्ज केलात तेव्हा तुम्ही गावच्या देवळात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, गुडघे टेकून म्हणाला होतात, "काहीही कर, पण मला ही नोकरी दे." नोकरी मिळाली. इकडे येऊन महिना होतो न होतो तोच तुमची आई, आधीपासून आजारी होती ती, गेली. तार उशिरा पोचली, तुम्ही गावी गेलात तेव्हा माती देऊन झालेली. "तेव्हापासून त्यांनी कधी काही मागितलं नाही," आई म्हणाली. "म्हणायचे, मी काहीही कर म्हणालो होतो, त्याने केलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदाच सांगितलं मला, परत विषय नाही."

माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. तुम्हाला वाटेल, हे ऐकून माझा राग गेला. नाही गेला. उलट भडकला. एवढी मोठी गोष्ट तुम्ही पोटात ठेवलीत आणि आम्हाला वाढलंत काय, तर तिची भीती! भीतीला तुम्ही आज्ञापालन म्हणालात. मला मांडीवर घेऊन एकदा सांगितलं असतंत की बाळ, मी मागितलं आणि माझी आई गेली, म्हणून तुम्ही मागू नका, तर मी तुमच्या गळ्यात पडले असते. मी तुम्हाला सांगितलं असतं की पप्पा, आजी आजारी होती, देव असा सौदा करत नाही. कदाचित तुम्ही मला स्वयंपाकघराचं दार दाखवलं असतंत. तरी मी सांगितलं असतं. आईला विचारलं, "तुला माहीत होतं, मग तू का ऐकलंस?" ती म्हणाली, "त्यांच्यासमोर त्यांचं वाक्य म्हणायचे. भाकरी थापताना माझं." "काय मागायचीस? नोकरी?" "आधी नोकरी. मग ती गेली, मग मागायचे की यांना एकदा तरी काही मागता येऊ दे."

आता गेला शुक्रवार. प्रार्थना आमच्याकडे होती. आता मोजकीच माणसं येतात, अर्ध्यांची पोरं पुण्याला नाहीतर बाहेरदेशी. पाळक साहेब नवीन आहेत, तरुण, चांगला मुलगा आहे, आईला आजी म्हणतो. त्याने विषय विचारले आणि आई, पदर सावरून, एकदम म्हणाली, "मला शिकवायला मुलं मिळू देत. दोन-तीन चालतील. भागाकार नाहीतर पाढे, काहीही." सगळे कौतुकाने हसले, म्हाताऱ्या माणसाच्या हौसेला हसतात तसे. आणि तो मुलगा मायेने म्हणाला, "देवाची इच्छा असेल तर नक्की, आजी. आपण असं म्हणू या की..."

त्याचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. "काही म्हणू या नको!" मी एवढ्या जोरात बोलले की शेजारच्या बाईच्या हातातला कप हलला. "ती जे बोलली तेच म्हणा. तिचे शब्द आहेत, तिला मुलं हवी आहेत, तेवढंच म्हणा. एक अक्षर बदललंत तर मी उठून जाईन." आपल्याच घरातून उठून कुठे जाणार होते देव जाणे! पाळक बिचारा लाल झाला. पप्पा, खरं सांगते, मी त्याच्याशी बोलतच नव्हते. तुमच्याशी बोलत होते. त्या सोमवारी जे ओरडायचं राहिलं होतं ते त्या पोराच्या अंगावर ओरडले.

आईने माझा हात धरून मला खाली बसवलं. "अगं, गप की जरा! त्याच्यावर कशाला खेकसतेस?" मग त्याला म्हणाली, "साहेब, तुम्ही मी म्हटलं तसंच म्हणा. शेवटचं मी माझं म्हणते." त्याने खरंच तसंच म्हटलं, देवबापा, आमच्या आजीला शिकवायला मुलं मिळू देत. आणि आमेनच्या आधी आई स्वतः म्हणाली, "तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." तुमच्या आवाजात नाही, ताठ होऊन नाही. दमलेलं माणूस पाटावर टेकतं तशी म्हणाली. सगळे गेल्यावर मी तिच्यावर चिडले. एवढं भांडले तुझ्यासाठी आणि शेवटी त्यांचंच वाक्य म्हणालीस! ती कप गोळा करत होती. म्हणाली, "त्यांचं कुठलं? प्रभूचं आहे ते. पण क्रुसावर जायच्या आदल्या रात्री त्याने बागेत आधी मागितलं ना गं? हा दुःखाचा प्याला नको म्हणाला, घाम फुटेस्तोवर म्हणाला. मग तुझ्या इच्छेप्रमाणे म्हणाला. तुझे पप्पा एकदम शेवटाला जायचे. मागितलंच नाही तर सोपवायचं काय, सांग बरं."

इतकी वर्षं ही बाई हे मनात घेऊन तुमच्या शेजारी बसून तुमची वाक्यं म्हणत होती. मंडळीत तुम्ही शिकवायचात आणि ती चहा गाळायची. शिक्षिका घरातच होती, पप्पा, आणि तुम्ही कधी तिच्या वर्गात बसला नाहीत. याबद्दल मी तुम्हाला क्षमा करणार आहे की नाही ते मला माहीत नाही. आज तरी नाही करत.

मुलं अजून आलेली नाहीत. खालच्या मजल्यावरची बाई एकदा विचारून गेली, तिच्या मुलीला पाढे येत नाहीत म्हणे, पण बघू. परवा आई जिना चढताना मध्येच पायरीवर बसली. श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले, "उम्र है, दिल थक गया है मैडम, खुश रखिए।" आज सकाळी तिचं दूध तापवताना, त्या शाळेच्या गोष्टीनंतर पहिल्यांदा, मी देवाकडे मागितलं. मोठ्याने, गॅसपुढे उभी राहून, कोणाची परवानगी न घेता. आई राहू दे मला, अजून राहू दे. आणि मग "तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" या शेवटच्या वाक्याशी येऊन थांबले. आईने शिकवलेला क्रम मला चांगला कळला आहे, त्यावर माझा विश्वासही आहे. पण मी ते वाक्य म्हटलं नाही, दूध उतरवलं आणि तिला नेऊन दिलं. मला भीती वाटली, पप्पा, की मी म्हटलं तर तो ऐकेल.